पारव्याची अकरावी खेप

"माझ्या बायकोने मला आधी नापास केलं आणि मग माझ्याशी लग्न केलं," हे वाक्य मास्तर रंगखात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवायचे. ऐकवून झालं की समोरचा हसेपर्यंत थांबायचे. जुनी माणसं तर वाक्य अर्ध्यावर असतानाच हसून मोकळी व्हायची, म्हणजे मास्तर कामाला लागतील.

गोष्ट मात्र खरी होती. चौतीस वर्षांपूर्वी मास्तर या लोकरीच्या गिरणीत नवे रंगारी होते आणि कापड तपासायच्या टेबलावर नुकतीच एक मुलगी लागली होती. एका गिऱ्हाइकाला पारवा रंग हवा होता. पारव्याच्या पाठीसारखा करडा, पण नुसता करडा नव्हे. त्यात निळ्याची झाक हवी, पण कोणी निळा म्हणावं इतकी नको. असले रंग म्हणजे रंगाऱ्याच्या जिवाला घोर. लाल थोडा चुकला तरी लालच राहतो. करडा थोडा चुकला की कापड आजारी दिसायला लागतं. मास्तरांच्या पारव्यात तांबूस झाक आली. त्या मुलीने उत्तरेच्या खिडकीशी गिऱ्हाइकाचा नमुना आणि मास्तरांचं कापड शेजारी शेजारी धरलं आणि काही न बोलता खडूने फुली मारली. मास्तर तावातावाने भांडायला गेले. "तांबूस आहे," एवढंच ती म्हणाली. मास्तरांनी तो माल तीनदा रंगवला, तिने तिन्ही वेळा फुली मारली. शेवटी ती ऑर्डर दुसऱ्या गिरणीकडे गेली. मास्तरांनी पारव्याचा नाद सोडला आणि मुलीचा धरला. पुढे तिने मास्तरांना पास केलं. त्यांच्या पारव्याला काही केलं नाही.

गिरणीत तिला सगळे फुलीबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. फुली मारायला काय, खडू लागतो. पास करणं ही तिथे मोठी गोष्ट होती. पास झालेल्या ताग्याच्या किनारीला तपासणारी तीन टाके घालायची, स्वतःच्या दोऱ्याने. प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग वेगळा, टाक्याची ढब वेगळी. फुलीबाईचा दोरा पिवळा, आणि तिसरा टाका जरासा तिरका. टाके घातले म्हणजे सही झाली. माल परत आलाच तर तो कोणाच्या नजरेतून सुटला ते दोऱ्यावरून कळायचं. म्हणून दुसरीच्या दोऱ्याला हात लावायचा नाही, हा त्या खात्याचा न लिहिलेला नियम होता. एकदा एकीने घाईत शेजारणीच्या दोऱ्याने टाके घातले, तर वर्षभर तिच्याशेजारी बसून कोणी डबा खाल्ला नाही.

अशा दोघांच्या पोटी एक लेक झाली. बिचारीला अक्षरं यायच्या आधी ताणा-बाणा आला. ताणा उभा, बाणा आडवा. उभं ओढलं तर कापड ताठ राहतं, आडवं ओढलं तर जरा सैलावतं. आई तिचे डोळे झाकून हातात चिंधी द्यायची आणि विचारायची, सूत की लोकर, विणलेलं की गुंफलेलं. बाबा सांगायचे, "ओल्या कापडावर विश्वास ठेवू नको. वाळल्याशिवाय कापड खरं बोलत नाही." इतर मुलांच्या घरी परीच्या गोष्टी चालायच्या, हिच्या घरी किनारीच्या.

मोठी होऊन तिने वस्त्रोद्योगाची पदविका घेतली आणि त्याच गिरणीच्या प्रयोगशाळेत लागली. ती लागली त्याच वर्षी रंग मोजायचं यंत्र आलं. नमुना दाखवला की यंत्र कुठला रंग किती घालायचा ते सांगायचं. रंगवून झाल्यावर कापड दाखवलं की फरकाचा आकडा सांगायचं. आकडा एकच्या आत आला की माल पास. "कानामागून आलं आणि तिखट झालं," मास्तर यंत्राबद्दल म्हणायचे. तेव्हापासून मास्तरांच्या नजरेला पगार होता, काम नव्हतं. ते नुसते भट्ट्यांवर लक्ष ठेवायचे. लेकीला चिडवून आकडेबाई म्हणायचे. त्यात राग नव्हता, पण कुठेतरी दुखत होतं, आणि लेकीला ते कळायचं.

फुलीबाई निवृत्त होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच दुखणं आलं. आधी पाठ धरली. मग डॉक्टरांनी फोटो काढले तर ते हाडाहाडांत पोचलेलं. डॉक्टर लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, चार महिने, फार तर पाच. फुलीबाईला सांगायची वेळच आली नाही. तिने दारातून आत येणाऱ्या लेकीचा चेहरा बघितला आणि ओळखलं. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं तिने?

मास्तर मात्र पार बिथरले. कामावरून आले की पलंगाजवळ खुर्ची ओढायचे आणि तिच्याकडे बघत बसायचे. पाणी हवं का, उशी उंच करू का, खिडकी लावू का. ती डोळे मिटून पडली की वाकून तिचा श्वास ऐकायचे. तिसऱ्या आठवड्यात फुलीबाई कावली.

"अहो, मी काय पळून जाणार आहे का? त्यापेक्षा एक काम करा. मला थंडी वाजते. एक शाल रंगवून द्या." मग जरा थांबून म्हणाली, "पारवा."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "पारवा?"

"बघा जमतोय का."

शिवणाच्या डब्यातून तिने एक बोटभर चिंधी काढली. चौतीस वर्षांपूर्वीचा तो नमुना. तिने तो जपून ठेवलाय हे मास्तरांना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला तर तिने चिंधी मागे घेतली.

"नमुना टेबल सोडत नाही," ती म्हणाली. "बघायचं ते इथे बघा आणि डोळ्यात साठवून न्या. आधी वीतभर तुकडा करून आणा. तुकडा पास झाला तर शाल."

मास्तर शीळ घालत बाहेर गेले. कित्येक आठवड्यांत त्यांनी शीळ घातली नव्हती. फुलीबाई लेकीला म्हणाली, "हाताला काम दिलं गं. नाहीतर माझ्या आधी तेच आटोपले असते."

लोकर रंगवायची तर घाई करून चालत नाही. पाणी हळूहळू तापवायचं, तासभर उकळायचं, हळूहळू निववायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या उजेडात बघायचं. पाळी संपली की मास्तर खात्यातलं छोटं भांडं चढवायचे. घरी यायला आठ वाजायचे. रविवारी तर सकाळीच डबा घेऊन निघायचे. लेक म्हणाली होती, "बाबा, यंत्रावर प्रमाण काढून देते, दोन मिनिटांचं काम आहे." मास्तरांनी असं काही बघितलं की तिने पुन्हा विषय काढला नाही. "हे तिचं आणि माझं आहे," ते म्हणाले. "यंत्राने मध्ये तोंड घालायचं नाही."

फुलीबाईने पलंग उत्तरेच्या खिडकीशी सरकवून घेतला. पहिला तुकडा आला. तिने नमुना शेजारी धरला, खडू मागितला आणि फुली मारली. "निळा जास्त." दुसरी खेप, निळा जास्त. तिसरी खेप, निळा जास्त. खरं सांगायचं तर मास्तर तेव्हा खुशीत होते. फुली मिळाली की त्यांची चाल दहा वर्षांनी तरुण व्हायची. "बाई अजून तशीच आहे," ते खात्यात सांगायचे. "जित्याची खोड." ती म्हण ते अर्धीच सोडायचे.

चौथ्या खेपेचा तुकडा लेकीने स्वतः हातात घेऊन पाहिला, आणि तिला काही समजेना. निळा इतका उघड होता की कालचा शिकाऊ रंगारीसुद्धा सांगेल.

"बाबा, हा निळाच आहे."

"निळा निम्म्यावर आणलाय गं मी," मास्तर म्हणाले. ते खरंच गोंधळले होते. "आणखी कमी केला की मळकट दिसतो. पिवळट. तुला नाही दिसत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई झोपेत असताना लेकीने डब्यातून नमुना उचलला, तुकडा उचलला, आणि पाळी सुरू व्हायच्या आधी दोन्ही यंत्राखाली धरले. तीन पूर्णांक दोन. सगळा फरक निळ्याचा. ती त्या आकड्याकडे बघत बसली. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला हा धडा होता आणि तिने त्यावर चांगले गुण मिळवले होते: वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, माणूस फिक्या चहाच्या ग्लासातून बघितल्यासारखं जग बघतो, निळा आतपर्यंत पोचतच नाही. आणि हे इतक्या सावकाश होतं की त्याचं त्याला कधी कळत नाही. बाबा नमुन्याशी नव्हे, चौतीस वर्षांपूर्वी डोळ्यात साठवलेल्या पारव्याशी रंग जुळवत होते.

नमुना तिने परत डब्यात ठेवला. बाबांना सांगावं की नाही, याचा ती दिवसभर विचार करत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. भट्ट्या यंत्राच्या, प्रमाणं यंत्राची. या माणसाजवळ स्वतःची म्हणून एक नजर उरली होती, आणि तीच गेली म्हणून सांगायचं, तेही बायको अंथरुणात असताना? शिवाय आई हसत होती, बाबा शीळ घालत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला समजावलं. अजून महिने आहेत, असंही समजावलं. वेळ बघून सांगू.

ती वेळ काही आली नाही. पाचवा तुकडा आला, सहावा आला, सातवा आला. फुलीबाईच्या फुल्या बारीक होत गेल्या, हात उचलेना म्हणून. आता ती दुपारभर दाराकडे तोंड करून पडायची.

"आज वार कुठला?" ती विचारायची.

"रविवार, आई."

"मग आजही आठच वाजतील," ती म्हणायची आणि डोळे मिटायची.

"मी सांगू का त्यांना, नका जाऊ म्हणून?" लेकीने एकदा विचारलं.

"काय सांगशील? त्यांना वाटतंय मला शाल हवी आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आपण दोष सांगायचा. कारण रंगाऱ्याने शोधायचं. आपण त्यांच्या भांड्यात हात घालायचा नाही." ते तिच्या खात्याचं जुनं वाक्य होतं. लेक त्या वाक्यावर वाढली होती, आणि त्या दिवशी ते तिला आडोशासारखं बरं वाटलं.

दहाव्या खेपेला खडू बोटांतून निसटला. फुलीबाईने मान हलवली, तीच फुली. मास्तर दिवसेंदिवस वाळत चालले होते. जेवायला बसले की ताटात बघत रंगांचे ग्रॅम पुटपुटायचे. त्यांना आता खुशी वगैरे राहिली नव्हती, नुसती घाई झाली होती. ती जायच्या आत हा रंग जमायला हवा, आणि तिने तो खरोखर पास करायला हवा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

अकरावा तुकडा घेऊन ते आले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. उजेड चांगला होता. लेकीने आईला उशीला टेकवून बसवलं. फुलीबाईने नमुना आणि तुकडा शेजारी धरले आणि खूप वेळ बघितलं. लेकीला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. तुकडा निळा होता.

"खडू देऊ?" मास्तरांनी विचारलं.

"सुई द्या," फुलीबाई म्हणाली. "आणि माझा दोरा."

मास्तरांना डबा उघडेना. लेकीने सुईत दोरा ओवून दिला. फुलीबाईने तीन टाके घातले. त्याला बराच वेळ लागला. तिसरा टाका तिरका पडला आणि सैलच राहिला, कारण दोरा ओढून घेण्याइतकी ताकद बोटांत नव्हती.

"पास?" मास्तर म्हणाले.

"पास."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. फुलीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडून झाल्यावर ते उठले. "या रविवारी शाल टाकतो. प्रमाण लिहून ठेवलंय."

"शाल नको," ती म्हणाली. "एवढाच पुरे मला. तुम्ही आता बसा इथे."

ते शेजारच्यांना सांगायला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेले, तेव्हा लेक पलंगाजवळ वाकली. "आई, तो निळा आहे."

"दिसतंय मला."

"मग?"

"त्यांच्या डोळ्यांनी दगा दिलाय. मला आत्ता आत्ता लक्षात आलं. मी आपली समजत होते, हात चुकतोय." तिला धाप लागली. "अजून फुली मारली तर पुन्हा जातील. मला ते इथे हवेत गं. मला आता तेवढे दिवस नाहीत." मग लेकीचं मनगट धरून म्हणाली, "त्यांना सांगू नको. तुला तरी कुठून कळणार म्हणा, तुझं सगळं यंत्रावर."

आपण चौथ्या खेपेचा तुकडा यंत्राखाली धरला होता हे तिने आईला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मास्तरांनी रजा टाकली आणि नऊ दिवस ते त्या खुर्चीवरून हलले नाहीत. या वेळी फुलीबाई कावली नाही. दोघं जुन्या मालाबद्दल, जुन्या माणसांबद्दल बोलत बसायची; कुठल्या साहेबाने कुठला रंग कसा बिघडवला ते आठवून हसायची. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली. तुकडा तिच्या हाताखाली होता आणि तिचा हात मास्तरांच्या हातात होता.

नंतर मास्तर पुन्हा कामावर जाऊ लागले. आता त्यांच्या गोष्टीला नवा शेवट आला होता. "चौतीस वर्षांनी पास केलं मला," ते सांगायचे आणि सदऱ्याच्या खिशातून तुकडा काढून किनारीचे टाके दाखवायचे. माणसं तुकडा बघायची, एकमेकांकडे बघायची, आणि छान आहे म्हणायची. तुकडा निळा आहे हे कोणाला कळत नव्हतं असं नाही. बोलता बोलता मास्तरांचा अंगठा त्या टाक्यांवरून फिरत राहायचा. लेकीला ते बघवत नसे. ती काहीतरी निमित्त काढून उठून जायची.

तीन महिन्यांनी मास्तर गिरणीच्या पायऱ्यांवर पडले. शेवटची पायरी दिसलीच नाही, म्हणाले. लेक त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण आणि हसतमुख होत्या. "मोतीबिंदू पिकून तपकिरी झालेत, काका. पाच-सहा वर्षांचे तरी असतील. कसं काय काम करत होता? काढून टाकू. मग बघा रंग कसे दिसतात. निळा तर इतका दिसेल की विचारू नका."

मास्तरांचा चेहरा उजळला. पाच-सहा वर्षं हे त्यांनी ऐकलंच नसावं. "म्हणजे तिचा पारवा मला एकदा नीट बघता येईल," ते लेकीला म्हणाले.

त्या दिवसापासून लेकीला दुसरं काही सुचेना. ऑपरेशनच्या सकाळी मास्तरांनी खिशातल्या वस्तू तिच्या हवाली केल्या: पाकीट, किल्ल्या, तुकडा. त्यांना आत नेल्यावर ती घरून डब्यातला नमुना घेऊन गिरणीत गेली. यंत्राला आधी बाबांचा तुकडा दाखवून फरकाचा आकडा बघितला, मग नमुना दाखवून प्रमाण काढलं, पांढऱ्या लोकरीचा वीतभर तुकडा रंगवला. पहिल्याच खेपेला फरक शून्य पूर्णांक चार आला. जे बाबांना अकरा खेपांत आणि चौतीस वर्षांत जमलं नाही, ते तिने एका दिवसात केलं, आणि तिला त्याची लाज वाटली.

मग टाके राहिले. आईच्या डब्यातलं पिवळ्या दोऱ्याचं रीळ समोर घेऊन ती बराच वेळ बसली. दुसरीच्या दोऱ्याला हात लावायचा नाही. हे तिला शाळेच्या आधी शिकवलेलं होतं. दोन टाके सरळ, तिसरा तिरका. ती झोपेतसुद्धा घालू शकली असती, इतकं लहानपणापासून बघितलं होतं. तिने घातले. खरा तुकडा कपाटात साड्यांच्या तळाशी सरकवला आणि खोटा बाबांच्या खिशात ठेवला. झाकण निघेपर्यंत तुकडा खिशातून काढायचा नाही, असं बाबांनीच ठरवलं होतं.

आठवड्याने डॉक्टरांनी डोळ्यावरचं झाकण काढायला सांगितलं. मास्तर सकाळी उठले ते सरळ उत्तरेच्या खिडकीशी गेले. डब्यातून नमुना काढला, खिशातून तुकडा काढला. लेक चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"बघ," मास्तर म्हणाले. "बघ गं आकडेबाई. केसाचा फरक नाही. मला वाटायचं, दया केली असेल तिने. रोज वाटायचं. पण बघ, जमला होता."

लेकीला वाटलं, झालं ते बरं झालं. पाप असलं तर असो. मास्तर तुकड्याकडे बघत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सवयीने त्यांचा अंगठा किनारीवर गेला, टाक्यांवरून फिरला आणि थांबला. त्यांनी तो पुन्हा फिरवला.

"हा टाका घट्ट आहे," ते म्हणाले.

लेकीने मान खाली घालून कपात बघितलं.

"तिचा तिसरा टाका सैल होता. रोज हाताला लागायचा." त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "माझा तुकडा कुठाय?"

तिने कप खाली ठेवला आणि कपाटातून तुकडा काढून आणला. मास्तरांनी खिडकीत तिन्ही चिंध्या ओळीने मांडल्या. ते बघायला रंगाऱ्याची नजर लागत नव्हती.

"यंत्रावर किती?"

"दोन पूर्णांक आठ."

"शेवटी शेवटी तिची नजर गेली होती ना?" ते म्हणाले. "एवढी औषधं चालू होती. दिसत नसेल तिला."

त्यांना हो हवं होतं, हे लेकीला स्वच्छ दिसत होतं. हो म्हणणं अवघडही नव्हतं. तपासायला कोणी येणार नव्हतं. पण एका आठवड्यात तिने एकदा खोटी सही केली होती, आणि दुसरी तिच्याच्याने होईना.

"नाही, बाबा. तिला दिसत होतं."

"मग पास कसा केला तिने?"

"तुम्ही घरी थांबावं म्हणून. फुली मारली असती तर तुम्ही पुन्हा भांड्यावर गेला असतात. ती म्हणाली, मला तेवढे दिवस नाहीत."

मास्तर खुर्चीत बसले. ती खुर्ची अजून पलंगाजवळच होती. ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते; खेपा असतील, नाहीतर रविवार. मोजून झाल्यावर हात मांडीवर ठेवले.

"मग दुसऱ्याच खेपेला करायचा की पास," ते म्हणाले. "खोटाच करायचा होता तर तेव्हाच का नाही केला? मी बसलो असतो ना तिच्याजवळ. मला कुठे काय कळणार होतं?"

"तिला तेव्हा माहीत नव्हतं, बाबा," लेक म्हणाली. "तिला अकराव्या खेपेला कळलं. मला चौथ्या खेपेला कळलं होतं. मी तुकडा यंत्रावर लावून पाहिला होता."

मास्तरांनी मान वर केली आणि लेकीकडे बघितलं. ऑपरेशन झाल्यापासून ते तिच्याकडे पहिल्यांदाच असे बघत होते. ती खिडकीजवळ उजेडात होती तशीच उभी राहिली.